चोविसावा दात

पेटीत माझ्या पाच रॅचेट आहेत,
त्यातला एक माझा नाही.

दोन सुती सगळ्यात धाकटा, मुठीत लपतो.
केबिनमधल्या पत्र्यांचे बारके नट त्याच्या वाट्याचे.
तीन सुती दोन आहेत, एक हरवला की दुसरा सापडतो.
त्यातला एक लेकीने रेजायनाहून पाठवलेला,
मान वळणारा, बहात्तर दातांचा,
पाच अंश हलायला मिळालं की पुरे त्याला.
आवाज असा, की उशाखाली घड्याळ ठेवलंय.
चांगला आहे. पाहुण्यासारखा वापरते.

सहा सुती तो दांडगा.
मेत्रो त्याच्या दांड्यात पाइप घालायचा
आणि पाइपाला लोंबकळायचा,
एकशेदहा किलोंचा माझा नवरा;
गंजलेला बोल्ट कण्हायचा आणि सुटायचा.
मेत्रो गेला. पाइप आहे.
माझं वजन पुरत नाही,
म्हणून मी बोल्टला आदल्या रात्री तेल पाजते.

राहिला चार सुती.
मुलामा उडालेला, दांड्याला काळी चिकटपट्टी.
चोवीस दात, त्यातला एक पडलेला:
कट् कट् कट् तेवीसदा,
मग एक घास रिकामा.
तिथे जोर लावायचा नाही, एवढं ठाऊक असलं
की याच्यासारखा दुसरा नाही.
त्याच्या गोट्या मी एका लोहचुंबकाला चिकटवून ठेवते,
जो सात वर्षं एका गायीच्या पोटात होता,
तिने गिळलेले खिळे सांभाळत.

हा रॅचेट नेस्तोरचा.
मेत्रोने मागून आणला होता, एका दुपारपुरता.
त्याच आठवड्यात आम्ही चर खणला
आणि आमचं पाणी त्याच्या मसुरात गेलं.
वकिलाची दोन पत्रं आली. मग अकरा वर्षं काहीच नाही.
स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं,
एवढाच या सपाट मुलखातला रामराम.
तोही बंद.

सप्टेंबर संपत होता. रेडिओ म्हणाला, पहाटे बर्फ.
नऊ वाजल्यापासून त्याच्या कंबाईनचे दिवे
एकाच जागी होते.
चालते दिवे असले की मला झोप लागते.
थांबलेले असले की नाही.
अकराला पेटी पिकअपमध्ये टाकली.

“बेअरिंग,” तो म्हणाला.
“हं,” मी म्हणाले.
तिसरा शब्द नाही.

मी खाली सरकले, त्याने बॅटरी धरली.
हात थरथरतात त्याचे हल्ली,
उजेड सगळ्या यंत्रावर थरथरत होता,
कुठला बोल्ट कुठला, कळेना.
पेटीत न बघता हात घातला.
बोटांनी त्यांच्या सवयीचा उचलला.
कट् कट् कट् कट्
आणि तो रिकामा घास.

उजेड एकदम स्थिर झाला.

“तो दात मी पाडला होता,” वरून आवाज आला.
“हातोडा मारून. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.”

माझ्या डोळ्यात ग्रीस गेलं होतं.
मी काय बोलणार?
चोराच्या हाताला जेवढं बोलता येतं,
तेवढं बोलत मी जुनं बेअरिंग ओढून काढलं, नवं बसवलं.

“दे इकडे.”
शेवटचे चार बोल्ट त्याने आवळले, गुडघ्यांवर बसून,
दर फेरीला त्या एका जागी हात सैल सोडून.
कुणी सांगावं लागलं नाही.

अडीचला यंत्र सुरू झालं.
सदऱ्याच्या टोकाने त्याने रॅचेट पुसला,
दांडा, डोकं, उलट-सुलट करायचा तो छोटा खटका,
एकदा इकडे, एकदा तिकडे करून पाहिला,
आणि माझ्याच पेटीत ठेवला.
चुकीच्या खणात, पक्कडीच्या शेजारी.
मी अजून हलवलेला नाही.

बर्फ पहाटे आलं नाही. दुपारी आलं, जेमतेम.
चर आहे तिथेच आहे,
पाणी आजही त्याच्याच बाजूला उतरतं.
परवा रस्त्यात समोरून त्याचा ट्रक आला.
स्टिअरिंगवरचं एक बोट वर झालं,
की माशी होती काचेवर,
नक्की सांगता येत नाही.